वैतरणेचे पाणी, वैतरणेच्या मुलखात
– पांथस्थ

शनिवारी पहाटे कसाऱ्याकडे निघणाऱ्या लोकलच्या मालडब्यात, भाजीच्या रिकाम्या पाट्या आणि दुधाचे कॅन यांच्या सोबतीने, दहा-बारा सायकली एकमेकींच्या पायडलांत अडकू नयेत अशा बेताने उभ्या करून त्यांना हाताचा आधार देणारी मंडळी अलीकडे वरचेवर दिसू लागली आहेत. गेल्या चैत्रात अशाच एका मेळ्यात मीही सामील झालो होतो. कसाऱ्याला उतरावे, विहिगावावरून वैतरणेचे खोरे ओलांडून खोडाळ्याला चढावे, तेथून मोखाड्यावरून जव्हार गाठून मुक्काम करावा आणि रविवारी विक्रमगड-मनोरच्या वाटेने खाली उतरून घरी परतावे, असा त्या मंडळींचा बेत होता. मोटारीच्या काचेतून हा मुलूख मी पूर्वी अनेकदा पाहिला होता. पण चढावर श्वास लागलेला असताना, माणूस चालेल त्याहून थोड्याच अधिक वेगाने जाताना, मोहाच्या गळालेल्या फुलांचा गोडसर दर्प आणि राबासाठी भाजलेल्या वाफ्यांच्या राखेचा वास एकाच वाऱ्यावर येतो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

सायकल मंडळांचा एक दस्तूर मला फार मोलाचा वाटतो. तांड्याचा वेग सर्वांत पुढच्याने ठरवायचा नसतो, तो सर्वांत मागच्यावरून ठरतो. एक अनुभवी स्वार मुद्दाम शेवटी राहतो, आणि त्याच्या मागे कोणी सुटले नाही याची खातरजमा झाल्याखेरीज पुढील टप्प्याला आरंभ होत नाही. पुढच्याने खड्डा पाहिला की हाताची खूण आणि आरोळी मागे मागे पोहोचत जाते. इंग्लंडमधील हॅरोगेट येथे १८७८ साली सायकलप्रवाशांचे मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून जगभर अशी मंडळे निघाली. आणि मुंबईपुरते बोलायचे तर १५ ऑक्टोबर १९२३ रोजी येथील एका व्यायाम मंडळाचे सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व त्यांतील अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये ती पुरी करून परतले. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हापासून तर त्र्यंबकच्या बाजूनेही जव्हार-मोखाड्याच्या रस्त्याला सायकलींची वर्दळ वाढलेली मी पाहतो. या छंदाविषयी मला आदर आहे, आणि त्या आदरापोटीच पुढचे लिहीत आहे.

खोडाळा मागे पडल्यावर रस्त्याच्या कडेला एक पाडा लागला. ऊन डोक्यावर आले होते आणि दोन्ही बाटल्या रित्या झाल्या होत्या. अंगणात बसलेल्या एका वृद्धेला मी, "आजी, पाणी मिळेल का?" असे विचारले, आणि ती एक शब्दही न बोलता उठून आत गेली व तांब्या भरून घेऊन आली. मी अर्धा प्यालो, आणि उरलेला, शहरातल्या सवयीने, मानेवर आणि डोक्यावर ओतून घेतला. आजीच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली नाही. तिने केवळ, मातीत जिरत चाललेल्या त्या ओलीकडे पाहिले. पुढे अर्ध्या कोसावर पाड्याची विहीर दिसली. तळाशी उतरलेली एक मुलगी खडकातून पाझरणारे पाणी वाटीने कळशीत भरीत होती आणि वर आठ-दहा बाया आपापल्या हंड्यांसह पाळीची वाट पाहत उभ्या होत्या. मी ओतून दिलेला अर्धा तांब्या त्या वाटीच्या किती खेपांचा असेल, हा हिशेब त्यानंतरच्या प्रत्येक चढावर माझ्याबरोबर होता.

अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात चैत्रातच पाण्याची अशी ओढ का लागावी, असा प्रश्न नवख्याला पडतो. उत्तर भूमीतच आहे. काळ्या कातळाचे उभे उतार, वर मातीचा पातळ थर, आणि खाली पाणी धरून ठेवील असा पोकळ स्तर फारसा नाही. आषाढ-श्रावणात जे कोसळते ते दऱ्याखोऱ्यांतून नद्यांना मिळून समुद्राकडे निघून जाते. त्र्यंबकच्या डोंगरात गोदावरी आणि वैतरणा एकमेकींपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी उगम पावतात. एक पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, दुसरी पश्चिमेला वळते आणि तिच्यावर मुंबई जगते. इंजिनिअर नानासाहेब मोडक यांचे नाव धारण करणारा मोडकसागर १९५७ सालचा. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा झाले, आणि २०१४ साली मोखाडा तालुक्यातील कोचाळ्यापाशी शंभर मीटरहून अधिक उंचीचे मध्य वैतरणा धरण उभे राहून त्यातून दररोज ४५ कोटी लिटरहून अधिक पाणी महानगराला देण्याची तजवीज झाली. त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

आता माझ्या त्या दोन बाटल्यांकडे पुन्हा पाहू. त्या मी पहाटे मुंबईतील घरच्या नळाखाली भरल्या होत्या. म्हणजे वैतरणेचा काही अंश नळांतून शंभराहून अधिक किलोमीटर खाली उतरून माझ्या स्वयंपाकघरात आला होता आणि सायकलीच्या दांडीला अडकून पुन्हा आपल्याच खोऱ्यात चढून आला होता. तो मी वाटेत संपविला, आणि संपल्यावर त्या खोऱ्याजवळच आणखी मागितले. कायद्याने यात काही गैर नाही. पण मागच्याला सोडून पुढे न जाण्याचा जो दस्तूर आम्ही आमच्या तांड्यापुरता पाळतो, त्याची हद्द आम्ही फार लवकर आखून घेतली आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

जव्हारला अतिथीचे मोल ठाऊक आहे. १६६४ च्या जानेवारीतील सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवछत्रपतींनी येथे मुक्काम केला व राजे विक्रमशहांनी त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढविला, अशी परंपरा शिरपामाळाचे नाव आजही सांगते. मुकणे घराण्याचे ते महादेव कोळ्यांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी आल्यागेल्याला रिकाम्या हाती न धाडण्याचा तो शिरस्ता पाड्यापाड्यांतून शिल्लक आहे. म्हणूनच आजीने तांब्या भरताना विचार केला नाही. विचार पाहुण्याने करावयाचा होता.

कोणी म्हणेल, सायकलस्वार येतात, चहा-भजी खातात, चार पैसे सोडतात, त्यात पाण्याचे काय घेऊन बसलात? त्या चार पैशांना मी कमी लेखत नाही. उलट दाभोशाचा धबधबा आणि जयविलास राजवाडा पाहून त्याच दिवशी पळ काढण्यापेक्षा मंडळींनी रात्र येथे काढावी, नागलीची भाकरी मागून खावी, असेच मी सुचवीन. पण होळीपासून मृगापर्यंत पाड्यावरच्या पाण्याला हात लावू नये. सोबतच्या गाडीत आपल्यापुरते पाणी न्यावे, आणि गाडी नसेल तर तो प्रवास दिवाळीनंतर करावा, हे मंडळांनी आपल्या नियमांत, शिरस्त्राण आणि मागचा लाल दिवा यांच्याच ओळीत, लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट त्या प्रवासात दिसली. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात, आणि ही योजना मला सरकारच्या फार चांगल्या योजनांपैकी एक वाटते. कारण पाच किलोमीटरची पायपीट वाचली की मुलीचे शिक्षण टिकते. परंतु वाटेतल्या एका घराच्या पडवीत अशी एक सायकल उलटी टेकून ठेवलेली होती. ट्यूब फाटली होती, आणि पंक्चर काढणारा मोखाड्याच्या बाजारात. आमच्यातल्या प्रत्येकाच्या खोगिराखालच्या पिशवीत ठिगळ, सोल्यूशन आणि पाने होते. अर्ध्या तासात ते चाक फिरू लागले, आणि नववीतली ती मुलगी अंगणाला दोन फेऱ्या मारून, काही न बोलता, घरात निघून गेली.

येत्या फाल्गुनात, होळीच्या आधीच्या शनिवारी, तीच मंडळी पुन्हा त्या वाटेने निघणार आहेत. मोखाड्याजवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. शनिवारी दुपारी मुलींनी आपापल्या नादुरुस्त सायकली आणाव्यात, आणि आम्ही जव्हारला तीन तास उशिरा पोहोचावे, असे ठरले आहे. चोवीस आणि सव्वीस इंची ट्यूबा, ब्रेकचे रबर, साखळीच्या कड्या आणि दोन मोठे पंप यांची यादी झाली आहे. पाण्याचे वीस लिटरचे चार कॅन कसाऱ्याहून भाड्याच्या टेम्पोत जातील.