दोन ठिपक्यांमधील रेषा

इतिहास-भूगोलाच्या वह्यांतून लोकसंख्येचे आलेख काढण्याची पद्धत आता चांगली रूढ झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. आकड्यांचा लांबलचक तक्ता वाचून जे ध्यानात राहत नाही, ते एका रेषेने चटकन मनावर ठसते. परंतु जे चटकन ठसते ते खरेच असते, असे नाही. आलेखातील ठिपके मोजणीचे असतात. त्यांना जोडणारी रेषा मात्र आपल्या अनुमानाची असते. हा भेद विसरला की चित्र सुबक होते आणि इतिहास खोटा ठरतो, असे आमचे मत आहे.

आपल्या बडोद्याचेच उदाहरण घेऊ. बडोदे संस्थानच्या खानेसुमारीत १८८१ साली २१,८५,००५ माणसे मोजली गेली, १८९१ साली २४,१५,३९६ आणि १९०१ साली १९,५२,६९२. शेवटच्या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवून रेषा ओढली, तर ती संथ उताराने खाली येते. पाहणाऱ्यास वाटावे की, दर वर्षी सुमारे ४६ हजार माणसे सारख्या प्रमाणात कमी होत गेली. प्रत्यक्षात तसे घडले नाही. दशकाच्या उत्तरार्धात प्लेग आला, आणि १८९९-१९०० मध्ये, म्हणजे विक्रम संवत १९५६ मध्ये, पावसाने दगा दिला. गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून प्रसिद्ध असलेला दुष्काळ तो हाच. धान्य संपले, गुरे मेली, उपासमारीने व पटकीने माणसे दगावली, कित्येकांनी गाव सोडले. थोड्या काळात कोसळलेला तो कडा रेषेने दहा वर्षांच्या उतारावर पसरून टाकला!

एखादा ठिपकाच गळाला, तर घोटाळा याहून मोठा होतो. १८९१ चा आकडा हाती नसता, तर रेषा १८८१ वरून थेट १९०१ वर आली असती आणि घट दिसली असती २,३२,३१३. त्या दशकातील घट तर ४,६२,७०४ होती. निम्मी घट कागदावरून नाहीशी झाली असती. आणि जी माणसे गेल्याचे दिसतच नाही, ती कशी गेली, त्यांना मदत वेळेवर का पोचली नाही, हे विचारणार कोण?

उलट प्रकारही घडतो. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. अमरेली, मेहसाणा, नवसारी हे मुलूख बडोद्यापासून वेगळे झाले. संस्थानच्या १९४१ च्या २८,५५,०१० या आकड्यास १९५१ चा केवळ बडोदे जिल्ह्याचा आकडा जोडला, तर रेषा एकदम कोसळेल. तेथे माणसे नाहीशी झाली नाहीत. बदलल्या त्या सीमा.

कोणी म्हणेल, रेषा जोडायचीच नाही तर आलेख काढावा कशाला? आक्षेप रास्त आहे. अनुमान करणे हा दोष नव्हे. अनुमानास मोजणीचा वेष चढवणे हा दोष होय. आसामात १९८१ साली आणि जम्मू-काश्मिरात १९९१ साली जनगणना होऊ शकली नाही. तेथील त्या वर्षांचे आकडे अंदाजाने भरलेले आहेत. नकाशात ते प्रदेश इतरांसारख्याच रंगाने रंगवले, तर पाहणाऱ्याची फसवणूक होते. म्हणून मोजलेल्या जागी ठळक ठिपका द्यावा, अनुमानाच्या जागी तुटक रेषा काढावी, सीमा बदलल्या असतील तर तसे खाली लिहावे, आणि काहीच ठाऊक नसेल तेथे कागद कोरा ठेवावा. कोऱ्या जागेची लाज वाटण्याचे कारण नाही.

हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नाही. २०११ नंतरची जनगणना २०२१ साली व्हावयाची होती. ती झाली नाही. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन सरकारने जून २०२५ मध्ये घोषित केला. मध्ये सोळा वर्षांची पोकळी पडली. या पोकळीत वाडीत किती घरे वाढली, किती कुटुंबे शहराच्या नव्या वस्त्यांत राहावयास गेली, हे संगणकावरील कोणत्याही गुळगुळीत रेषेस ठाऊक नाही. शाळा किती हव्यात, पाणी किती हवे, हे मात्र अशाच रेषा पाहून ठरते.

विद्यार्थ्यांनो, आलेख अवश्य काढा. पण दुसऱ्याने काढलेला आलेख पाहताना आधी ठिपके मोजा. आणि गणनेचा कर्मचारी दाराशी येईल, तेव्हा वडील मंडळींना सांगून घरातील प्रत्येक माणसाची नोंद बिनचूक करवून घ्या. पुढच्या पिढीच्या हाती पडणारा खरा ठिपका तोच आहे.