मैदान कुणाला विचारून?

गडचिरोली जिल्ह्यातल्या सूरजागडच्या डोंगरावरचा सुमारे ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा २००७ साली मंजूर झाला, २०१६ मध्ये तिथे उत्खनन सुरू झाले आणि एटापल्ली तालुक्याचे नाव मुंबई-दिल्लीच्या फायलींत वारंवार येऊ लागले. खाण असावी की नसावी, असली तर कुणाच्या संमतीने, हे प्रश्न मोठे आहेत आणि ते मिटलेले नाहीत. यंदाच्या दिवाळी अंकाच्या आरंभी आम्ही मात्र मुद्दाम एक लहान प्रश्न घेत आहोत. या परिसरातल्या गावांत मुलांसाठी खेळायची जागा करायची, किंवा असलेली सुधारायची, तर ती कुठे, कशी आणि कुणाच्या म्हणण्याने व्हावी? आमचे मत असे, की ती त्या गावाच्या ग्रामसभेने ठरवावी, मुलांना विचारून ठरवावी आणि त्या विचारण्यात ‘नको’ म्हणायचीही मुभा असावी. यापेक्षा कमी जे काही केले जाते, ते सह्या गोळा करणे झाले.

बालोद्यान सहसा कसे तयार होते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. निधी येतो, अंदाजपत्रक होते, घसरगुंडी, झोके, सी-सॉ आणि एखादे सिमेंटचे हरीण असा संच ठरतो, मार्चअखेर बिल निघते आणि फीत कापली जाते. पुण्याच्या सोसायटीत जो संच, तोच जंगलातल्या टोल्यावर. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा पत्र्याच्या घसरगुंडीला दुपारी हात लावण्याची सोय नसते. पुढे पावसाळ्याचे महिने लोखंड गंजवतात आणि तुटलेली साखळी बदलायचे काम कुणाचे, हे कुठल्याच कागदावर नसते. जागेचे तर विचारूच नका. जी मोकळी आणि वादाबाहेरची असेल ती घ्यायची, मग ती रस्त्याला लागून का असेना. या जिल्ह्यात रस्त्याला लागून असणे म्हणजे काय, ते ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले. गडचिरोली-आरमोरी मार्गावर काटलीजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या मुलांना ट्रकने चिरडले आणि त्यांतली चार दगावली. सूरजागडच्या खनिजाचे ट्रक ज्या रस्त्यांनी धावतात, त्या रस्त्यांवरच्या गावांत खेळाची जागा कुठे नको, हे सांगायला वास्तुविशारद लागत नाही. पाणी कुठे साचते, सावली कोणत्या झाडाची टिकते, मुली कोणत्या वाटेने एकट्या जाऊ शकतात, ही माहिती गावातल्या दहा वर्षांच्या मुलाकडेही असते. तिच्यावाचून केलेला आराखडा अपुरा राहतो, आणि अपुऱ्या आराखड्यावरचा खर्च वाया जातो.

शिवाय गावाला विचारणे ही इथे कुणाची मेहेरबानी नाही. एटापल्ली तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने गावाच्या विकासयोजनांना मान्यता देण्याचा आणि झालेल्या खर्चाचा दाखला देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपवला आहे. खाणीच्या पैशाचेही तसेच. २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्क्यांइतकी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे भरावी लागते आणि अनुसूचित क्षेत्रातल्या बाधित गावांत त्या निधीतून काही करायचे तर ग्रामसभेची मान्यता घ्यावी, असे प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने तेरा प्रकारच्या सुविधांसाठी मिळू शकते. त्या तेरांत शाळा आहे, अंगणवाडी आहे, समाजमंदिर आहे, रेशन दुकानही आहे. खेळाचे मैदान मात्र नाही. म्हणजे चहूबाजूंनी वनजमीन असलेल्या गावाला मैदान हवे असेल, तर ते शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या आवारातच बसवून मागावे लागते. तेव्हा इमारतीची जागा आखतानाच गाव हजर नसेल, तर मैदान तिथेच हुकते. मागाहून सुधारणा करायला काही उरत नाही.

गावांना हे जमेल का, अशी शंका शहरातून हटकून येते. तिचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, हे महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच्या कितीतरी आधी या गावाने आपले गोटुल पुन्हा बांधायचे ठरवले होते, ते तितकेसे माहीत नाही. तरुण मुलामुलींनी जमायची, नाचायची, शिकायची ती जागा. सागवान वापरल्याचे कारण देऊन वनखात्याने ती पाडली; गावाने पुन्हा उभी केली आणि आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले बांधली. जंगलाचा कारभार हाती घेणारी ग्रामसभा मुलांच्या जागेसाठीही झगडली होती. सूरजागडला दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते. परिसरातल्या गावांतून आणि सीमेपलीकडूनही माणसे येतात. त्यांच्या मुक्कामाची, पाण्याची, अन्नाची व्यवस्था इलाका आपल्या रीतीने करतो. उत्तरेकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा एका मोकळ्या जागेचे रात्रभराचे नाट्यगृह गावातली मंडळेच करतात. मंच कुठे, बायकांची बसण्याची सोय कुठे, गाड्या कुठे लावायच्या, सगळे तेच ठरवतात. ज्यांना हे साधते, त्यांना झोका कोणत्या अंगाला टांगायचा ते कळणार नाही, असे मानणे उद्धटपणाचे आहे.

जगाचा अनुभवही वेगळे सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲम्स्टरडॅम शहरात आल्डो फान आइक या वास्तुविशारदाने १९४७ पासून तीन दशकांत सातशेहून अधिक खेळाच्या जागा आखल्या. त्यांतल्या कितीतरी जागा रहिवाशांनी पालिकेला पत्रे लिहून सुचवल्या होत्या : अमुक चौक, तमुक पडीक तुकडा. वाळूचा हौद, उड्या मारायचे दगड आणि नळ्यांच्या साध्या कमानी एवढेच साहित्य असे. कोपनहेगनजवळ एम्ड्रप इथे १९४३ मध्ये सी. टी. सोरेन्सन यांच्या कल्पनेतून त्याहून धीट प्रयोग झाला. आखीव मैदानांपेक्षा मुले अर्धवट बांधकामांवर जास्त रमतात, हे पाहून त्यांना फळ्या, विटा, दोर आणि मोकळी जागा देण्यात आली. मुलांनी आपले मैदान स्वतः रचले. बांबू, दोर आणि माती जिथे हाताशी आहे, त्या मुलखाला हा विचार परका वाटू नये.

आक्षेप अर्थातच आहेत. पहिला सुरक्षिततेचा : झोक्याची उंची, खांबाचा पाया हे हात वर करून ठरवायचे विषय आहेत का? मुळीच नाहीत. ते अभियंत्याचे काम, आणि ते त्यानेच करावे. जागा, छाया, वापराच्या वेळा, कोणते खेळ आणि देखभालीचा पैसा हे ठरवणे गावाचे. दोघांची कामे वेगळी आहेत. गफलत होते ती अभियंत्याने दोन्ही उरकल्याने. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ग्रामसभेत मोठे पुरुष बोलतात. मुली आणि लहान मुले गप्प असतात. तरुणांचा व्हॉलीबॉल आणि कबड्डी जागा व्यापतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला कड येते. हे घडते, म्हणूनच क्रम महत्त्वाचा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहेच. तिच्याही आधी मुलांची बैठक घ्यावी, माडिया भाषेत घ्यावी, आणि तिच्यात काय ठरले ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात यावे. वेळ लागतो, हे कबूल. पण मोहफुले आणि तेंदूपानांच्या दिवसांत बैठक बोलावून ‘लोक येतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी वेळेची तक्रार करू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत धारदार आहे. डोंगराबद्दल ज्यांना नीट विचारले नाही, त्यांना झोक्याचा रंग विचारणे ही थट्टा नव्हे काय? २०२२ मध्ये खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी सूरजागडहून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीत झाली. २०२३ मध्ये तोडगट्ट्याला नव्या खाणींच्या विरोधात लोक महिनोनमहिने ठिय्या देऊन बसले. अशा मुलखात एखादे सुबक बालोद्यान संमतीचा देखावा ठरू शकते, ही भीती निराधार नाही. म्हणूनच ‘नको’ म्हणायचा अधिकार आम्ही सुरुवातीलाच मागितला. खाणीच्या पैशातले मैदान नाकारण्याची मुभा गावाला असेल आणि ते स्वीकारल्याने इतर कोणत्याही मागणीवर पाणी पडणार नाही असे ठरावात लिहिलेले असेल, तर तो देखावा राहत नाही. मोठा प्रश्न सुटेपर्यंत लहान प्रश्न थांबवावा, हेही आम्हाला पटत नाही. मुलांचे बालपण खटल्याच्या तारखांसाठी थांबत नसते. शिवाय जागा पाहणे, हिशेब मागणे, मतभेद असताना एकमतापर्यंत बसून राहणे यांची सवय लहान कामांतच लागते, आणि मोठ्या कामांत तीच उपयोगी पडते.

एक गोष्ट दिवाळीची म्हणून. इथली पुष्कळ मुले वर्षाचा बराच काळ आश्रमशाळांत राहतात. ज्यांच्यासाठी मैदान करायचे, ती गावात असतात सुट्टीत. ती आत्ता घरी आहेत. जिल्हा प्रशासनाने, खनिज प्रतिष्ठानने आणि मैदाने बांधून देऊ पाहणाऱ्या कंपन्यांनी या सुट्टीत नकाशा न आणता यावे, मुलांबरोबर गावाची एक फेरी मारावी आणि ग्रामसभेचा ठराव हाती आल्यावरच निविदा काढावी. ग्रामसभांनीही आमंत्रणाची वाट न पाहता मुलांची बैठक बोलवावी. कायदा त्यांच्या बाजूने आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत असे एक जरी मैदान झाले, तरी त्याचा वृत्तांत आमच्या अंकात पहिल्या पानावर येईल.

— संपादक