काळं चाक

दिवाळीला पुण्याहून मंठाळला पोहोचलो. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा करत आलेली गाडी धुळीने माखली होती. लगेच पाइप घेतला, तर काका अंगणातूनच ओरडले, "अरे, चाकं तापलीत. आधी चहा घे!" खरंच होतं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं तर ती वाकू शकते.

चहानंतर शॅम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन बसलो. (चाकाचं फडकं बॉडीला लावू नका, ओरखडे पडतात.) माती लगेच निघाली, काळा थर मात्र चिवट. पॅड आणि डिस्क झिजून उडालेला तो चुरा, त्यात लोखंडही असतं. पुढचे ब्रेक जास्त राबतात, म्हणून पुढची चाकं जास्त काळी होतात. पण माझं पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा कितीतरी काळं होतं! एरवी गाडी धुवायला बाहेर देतो, त्यामुळे हे कधी दिसलंच नव्हतं.

काका वाकून बघत म्हणाले, "ब्रेक धरतोय हा."

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने चाक काढलं. कॅलिपरची पिन गंजून अडकलेली, आतलं पॅड पार पत्र्यापर्यंत झिजलेलं. आदल्या दिवशी याच गाडीत मागे लेक झोपून आली होती.

हल्ली चाकं मीच धुतो. लेक पाणी ओतते.