सातबारा नसणाऱ्याचा वाटा किती?

ऑक्टोबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी टोमॅटो, कांदा आणि बटाट्याच्या भाववाढीवर एक शोधनिबंध मांडला. ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो त्यातले सुमारे 36 पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात, टोमॅटोत 33 आणि बटाट्यात 37, असा त्यांचा अंदाज आहे. बाकीचा रुपया आडते, व्यापारी, वाहतूकदार आणि किरकोळ विक्रेते यांच्यात जातो. शेतकऱ्याची लूट होते हे खरेच आहे, त्यावर वाद नाही. आमचा प्रश्न त्या 36 पैशांच्या आतला आहे. कांद्याचे रोप लावणारी, खुरपणारी, काढणी करून पात कापणारी, चाळ भरणारी आणि गोल्टी वेगळी काढणारी जी टोळी आहे, तिचा वाटा किती?

या टोळीत बहुतेक बाया असतात आणि त्यातल्या कितीतरी बौद्धवाड्यातून, मातंग वस्तीतून किंवा आदिवासी पाड्यावरून आलेल्या असतात. हिशेबात त्यांची मजुरी 'उत्पादन खर्च' या रकान्यात जाते. खर्च म्हटला की तो कमी करायचा असतो. म्हणूनच सोयाबीनच्या काढणीला हार्वेस्टर आले आणि ऊसतोडणी यंत्राला सरकारी अनुदान मिळाले, तेव्हा त्याला नवतंत्रज्ञान म्हटले गेले. हंगामातले किती दिवसांचे काम गेले, याची नोंद मात्र कुठल्या प्रकल्प अहवालात आमच्या पाहण्यात नाही. यंत्राला आमचा विरोध नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे, एवढेच विचारायचे आहे.

सध्या शेतीव्यवसायाची सगळी भिस्त शेतकरी उत्पादक कंपन्यांवर आहे. केंद्राने 2020 मध्ये 10,000 उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली, तिच्यासाठी 6,865 कोटी रुपयांची तरतूद केली. प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत व्यवस्थापनासाठी 18 लाखांपर्यंत मदत आणि सभासदामागे 2,000 रुपयांपर्यंत जुळवणी भांडवल, कमाल मर्यादा 15 लाख. महाराष्ट्रात त्याशिवाय जागतिक बँकेच्या मदतीचा 'स्मार्ट' प्रकल्प आहे. गोदाम, प्रतवारी केंद्र, थेट खरेदीदाराशी करार, असा सगळा बेत. मधली साखळी तोडून माल थेट बाजारात न्यायचा, कल्पना चांगलीच आहे. पण गावात सभासद करून घेताना पहिला कागद मागतात तो सातबारा.

इथेच आपली माणसे गळतात. 2011 च्या जनगणनेत, देशभरात शेतीत राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या दर 100 जणांपैकी सुमारे 71 जण शेतमजूर निघाले. जे बटईने किंवा ठोक्याने दुसऱ्याची जमीन कसतात, त्यांच्याकडे कागद नसतो. कूळ लागेल या धास्तीने मालक लिहून देत नाही. गायरान कसणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी: 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले, तरी अनेकांच्या हाती अजून दंडाच्या पावत्याच आहेत. पीक घेतात, पण शेतकरी नाहीत. आता त्यात भर पडली आहे ती शेतकरी ओळख क्रमांकाची. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो बंधनकारक झाला आणि तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. पूर्वी तलाठी किंवा कृषी सहायकाशी हुज्जत घालता यायची. संगणकाशी कशी घालणार?

गंमत अशी की कायदा एवढा कोता नाही. उत्पादक कंपनीची तरतूद 2002 मध्ये कंपनी कायद्यात आली. तिच्यात 'उत्पादक' म्हणजे जमीनमालक असे कुठेही म्हटलेले नाही. प्राथमिक उत्पादनाशी संबंधित काम करणारी कोणतीही व्यक्ती उत्पादक ठरते आणि त्या उत्पादनात पशुपालन, मत्स्यपालन, मधमाशीपालन, वनोपज, हातमाग, हस्तकला हे सारे येते. म्हणजे चार शेळ्या पाळणारी आपली मावशी कायद्याने उत्पादक आहे. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी नोंदवता येते. शिवाय वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असोत, प्रत्येकाला एकच मत. ज्या गावात माणसाचे वजन एकरावर ठरते, तिथे ही तरतूद लहान नाही.

बाबासाहेबांनी 1918 मध्येच लहान धारणक्षेत्राच्या प्रश्नावर लिहिले होते. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, असे मांडले. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले ते याच प्रश्नावर. आजच्या उत्पादक कंपनीत 'सामूहिक' हा शब्द आहे, जमिनीचा प्रश्न मात्र गाळलेला आहे. दादासाहेबांच्या नावाने चालणाऱ्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीनाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन मिळते, 2018 पासून पूर्ण अनुदानावर. पण जिरायतीला एकरी 5 लाख आणि बागायतीला 8 लाख ही दराची मर्यादा आहे, आणि रस्त्याकाठच्या किंवा पाण्याखालच्या जमिनीचा मालक त्या भावात हात पुढे करत नाही.

मग स्वतःच्या कंपन्या काढाव्यात का? काढाव्यात, पण डोळे उघडे ठेवून. अनुदानासाठी काढलेली कंपनी तीन वर्षांनी व्यवस्थापनाचा पैसा थांबला की फलकापुरती उरते. केंद्राच्या योजनेत सपाट भागात किमान 300 सभासद लागतात. एकट्या वस्तीला ते जमणार नाही, चार-पाच गावांच्या वस्त्या, इतर भूमिहीन जातींची माणसेही सोबत घ्यावी लागतील. शेळीपालनाला जमीन लागत नाही, बाजार जवळ असतो, आणि विक्री सध्या खाटकाच्या नजर-अंदाजाने होते. तिथे वजनकाटा आणून किलोवर विक्री केली तरी हातात फरक पडतो. सुरुवात तिथून करता येईल.

ज्या गावात कंपनी आधीच आहे, तिथे काम दुसरे आहे. सभासदांचे नोंदपुस्तक शुल्क भरून कोणालाही पाहता येते. त्यात वस्तीतली नावे किती, संचालक मंडळात किती, आणि ती विकास सोसायटीतल्या त्याच चार घरांची आहेत का, हे पाहून घ्या. पदवीधर तरुणांनी एवढे एक काम अंगावर घेतले तरी गावोगावची खरी यादी आपल्या हाती येईल. बटाईदार आणि गायरान कसणाऱ्यांना ई-पीक पाहणीत आणि ओळख क्रमांकात जागा द्या, हे निवेदन तहसीलदाराला देताना ती यादी सोबत जोडायची.