बुफेत सांगायचे कोणाला?

चिखली-मेहकरकडे आपल्या लग्नांतही आता पंगतीऐवजी बुफे दिसतो. पंगतीत वाढणाऱ्याला "मला दाणे चालत नाहीत" सांगता यायचे. बुफेत सांगणार कोणाला? आणि आपल्याकडे तर वांग्याच्या भाजीतही शेंगदाण्याचा कूट! एखाद्याचा त्याने घसा सुजतो, जीवही जाऊ शकतो. लोक त्याला नखरा म्हणतात, हे वाईट. आचाऱ्याला आधीच बजावून एक भाजी बिनकुटाची करा. तिचा डाव दुसऱ्या पातेल्यात जाऊ देऊ नका. पाटी लावा, शिवाय वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी माहितगार मुलगी उभी करा. दूध पचत नसेल त्यांना खिरीऐवजी गूळभात. गहू बाधणाऱ्यांना ज्वारीची भाकर. मात्र गिरणीत गव्हामागून दळलेले पीठ नको. ज्या जात्यावर गहू पडला नाही, त्यावरच घरी दळा.