मागणी वाढली, दार मात्र मिटले

जुलै २०२५ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन निर्णय झाले. दोन्ही मानसशास्त्राशी निगडित होते. परंतु त्यांचा एकत्रित विचार झाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २३ जुलैच्या बैठकीत मानसशास्त्र, पोषणशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आदी विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकविण्यास मनाई करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून नवे प्रवेश थांबले. २५ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, हे त्यातील एक सूत्र. म्हणजे एका निर्णयाने मनुष्यबळाची मागणी वाढविली, तर दुसऱ्याने ते घडविण्याच्या वाटेचे एक दार मिटले.

न्यायालयाच्या चिंतेचे कारण उघड आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या विकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते.

आयोगाचा निर्णयही निराधार नाही. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञांना आरोग्यसेवा व्यावसायिकांत स्थान दिले. अशा व्यावसायिकाने किमान ३,६०० तासांचे शिक्षण तीन ते सहा वर्षांत पूर्ण केले पाहिजे, अशी त्यातील अट आहे. मुलाखत घेणे, चाचणी देणे, समोरच्याचे मौन ओळखणे ही कौशल्ये टपालाने आलेल्या पुस्तकांतून येत नाहीत. प्रात्यक्षिकाविना मिळालेल्या पदवीच्या बळावर कोणी समुपदेशनाची पाटी लावली, तर त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

प्रश्न वेगळाच आहे. कला शाखेतील तीन वर्षांचे मानसशास्त्र हे व्यावसायिक प्रशिक्षण कधी होते काय? कोलकाता विद्यापीठात १९१६च्या सुमारास या विषयाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हापासून तो तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्रांच्या शेजारीच वाढला. मानसशास्त्राचे अनेक पदवीधर पुढे शिक्षक होतात, मनुष्यबळ विभागात जातात, स्पर्धा परीक्षा देतात. चिकित्सक फार थोडे होतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी तर १९९२च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि तिच्यासाठी पदव्युत्तर प्रशिक्षण लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. रद्द केल्यावर या शाखेला २०२५-२६ पर्यंतच सवलत दिली होती. ज्ञानशाखा आणि व्यवसाय यांतील ही सीमारेषा आयोगाच्या निर्णयात पुसली गेली आहे.

याचा फटका कोणाला बसतो? महानगरातील महाविद्यालयात नियमित प्रवेश घेऊ शकणाऱ्यांना नव्हे. नोकरी सांभाळून शिकणारे, लग्नानंतर शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्या स्त्रिया, तालुक्याच्या ठिकाणचे शिक्षक यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारख्या संस्था हीच वाट होती. ग्रामीण शाळेत, मराठीतून बोलणाऱ्या मुलाशी त्याच्याच भाषेत बोलू शकणारे समुपदेशक याच वर्गातून यायला हवेत.

गृहविज्ञान महाविद्यालयांतील मानवी विकास हा विषयही या चर्चेत दुर्लक्षित राहिला आहे. बालपण, पौगंडावस्था, कुटुंब आणि वाढीचे टप्पे यांचा अभ्यास हा त्याचा गाभा; बालवाड्या आणि वस्त्यांतील निरीक्षण हा त्याच्या शिक्षणाचा भाग. बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण न्यायालयाला समुपदेशकाच्या ठायी अपेक्षित आहे. या पदवीधरांना पुरवणी प्रशिक्षण देऊन शाळांकडे वळविता येईल, हे धोरणकर्त्यांना सुचू नये, याचे नवल वाटते.

उपाय अशक्य नाहीत. पदवीचा सैद्धान्तिक भाग दूरस्थ ठेवून प्रात्यक्षिकांसाठी जिल्हा रुग्णालये आणि स्थानिक महाविद्यालयांत सक्तीची उपस्थिती ठरविता येईल. व्यवसायाचा परवाना पदवीपासून वेगळा करून तो पर्यवेक्षित अनुभवाशी जोडता येईल. नव्या शैक्षणिक धोरणातील चार वर्षांच्या पदवीत चौथे वर्ष अशा अनुभवासाठी वापरणेही शक्य आहे.

हे न झाल्यास काय घडेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. एखाद्या शिक्षकाला दोन दिवसांचे शिबिर घडवून समुपदेशक म्हणून नेमले जाईल, तपासणीच्या वहीत नाव चढेल आणि न्यायालयाच्या आदेशाचे कागदोपत्री पालन होईल. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलाला मात्र त्या नावाचा काहीही उपयोग होणार नाही.