पिशवी ज्याची त्याने भरावी

दरवर्षी ज्येष्ठ महिन्याच्या वद्य पक्षात तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला, असे सांगतात. आकुर्डीच्या मुलांना ती गर्दी, ते टाळमृदंग नवे नाहीत. पण वारकऱ्याच्या खांद्यावरील पिशवीत काय असते, हे तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? मी एकदा एका वृद्ध वारकऱ्यास तसे विचारले. त्यांनी हसत पिशवी उघडली. पाण्याची बाटली, पावसासाठी प्लास्टिकचा कागद, एक पंचा आणि औषधाची पुडी, एवढेच आत होते. वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये होती. जवळजवळ तीन आठवड्यांच्या वाटचालीस निघालेला तो माणूस मला एकेक वस्तू न पाहता, नुसता हात घालून काढून दाखवीत होता.

शाळेची मुक्कामाची सहल निघते, तेव्हा मला ती पिशवी आठवते. आकुर्डी स्थानकावर लोणावळ्याकडे जाणारी लोकल पकडावी, मळवलीस उतरावे, भाज्याची लेणी पाहावीत, लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीत रात्र काढावी आणि सकाळी गड चढावा, अशी ही सहल असते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंसाठी भाज्यास कातळातच कोरलेले बिछाने आहेत. ते पाहिले म्हणजे आपल्या सतरंजीविषयी कोणी कुरकुर करीत नाही. लोहगडाचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. गड हे संरक्षित स्मारक आहे. म्हणून झोपायचे ते पायथ्याशी, गडावर नव्हे.

अशा सहलीची पिशवी बहुतेक घरी आई भरते. त्यात प्रेम असते, हे कोण नाकारील? तरीही माझे मत असे आहे, की ती पिशवी मुलानेच भरली पाहिजे. "तो काहीतरी विसरेल," असे आईवडील म्हणतात. विसरू द्यावे! कंगवा विसरल्याने आजवर कोणाचे वाईट झाल्याचे मी ऐकलेले नाही. औषध, पाणी आणि थंडीचे कपडे एवढे मोठ्यांनी शेवटी डोळ्यांखालून घालावे. बाकीचे मुलावर सोडावे.

या मतापर्यंत मी सहज आलेलो नाही. अनेक वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत मी मुलांबरोबर होतो. मध्यरात्री एका मुलास दम्याचा त्रास सुरू झाला. घरून निघताना त्याचा पंप पिशवीत ठेवलेला होता, पण तो कोठे, हे त्याला ठाऊक नव्हते. पिशवी आईने भरली होती. आम्ही विजेरीच्या उजेडात कपडे उपसले, लाडवांचा डबा उघडला, पांघरूण झटकले. तो मुलगा भिंतीला टेकून श्वासासाठी धडपडत होता आणि माझी बोटे थरथरत होती. अखेर एका मोज्यात पंप सापडला. आईने तो फुटू नये म्हणून जपून ठेवला होता! पाच मिनिटेही लागली नसतील, परंतु तेवढी लांब पाच मिनिटे मी पुन्हा पाहिली नाहीत. आणखी एक गोष्ट त्या रात्री मला कळली. त्याला दमा आहे, हे आम्हा शिक्षकांपैकी कोणालाच माहीत नव्हते. सहलीस नेणार नाहीत, या भीतीने त्याने ते सांगितलेच नव्हते.

म्हणून, मित्रांनो, जी गोष्ट सांगायची लाज वाटते, तीच निघण्यापूर्वी शिक्षकांच्या कानावर घाला. कोणाला दमा असतो, कोणी झोपेत चालतो, कोणाचे अंथरूण ओले होते. आणि शिक्षकांनीही अशा मुलाला घरी ठेवण्याचा सोपा मार्ग धरू नये. त्याची सोय करावी आणि ती गोष्ट चारचौघांत बोलू नये.

तयारी घरीच करून पाहता येते. भरलेली पिशवी खांद्यावर घेऊन निगडीच्या दुर्गा टेकडीवर एकदा जाऊन यावे. नको असलेल्या वस्तू कोणत्या, हे खांदाच सांगतो. एक रात्र पलंग सोडून आपल्याच अंथरुणावर जमिनीवर निजावे. दिवा मालवून थोडा वेळ बसावे. कारखान्यांच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांत वाढलेल्या आपल्याला खरा काळोख ठाऊकच नसतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. जो घडोघडी विजेरी पेटवितो, त्याला चांदणे दिसत नाही आणि भीती मात्र दुप्पट वाटते.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी वीस मुलांचे शिबिर भरविले. श्रीमंत शाळांतील मुले आणि कष्टकऱ्यांची मुले यांच्या मिश्र टोळ्या केल्या. प्रत्येक टोळीत पाच मुले आणि त्यांतलाच एक नायक. आपल्या सहलीतही असेच करावे. रात्री चाळीस डोकी मोजणे शिक्षकास अवघड जाते. नायकास पाचच मोजायची असतात.

आणि निघण्याच्या दिवशी, आकुर्डीच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना, शिक्षकांनी एक छोटी परीक्षा घ्यावी. सर्वांनी डोळे मिटावेत आणि पिशवीत हात घालून विजेरी व औषध काढून दाखवावे. ज्याला ती आधी सापडतील, त्याने गाडीत खिडकीजवळ बसावे.